आस्लॉगची बादली

आमच्या ग्रोविक गावात आस्लॉग मिकाल्सनशी हात मिळवायला कोणी राजी नसे. भांडण हे त्याचं कारण नव्हतं. भांडण तिचं सगळ्यांशीच होतं. कारण होतं तिचा पंजा. गळांनी ओरबाडलेला, बांगड्याच्या वासाचा आणि भर जानेवारीतसुद्धा भट्टीतून काढलेल्या पावासारखा गरम. नवा पाद्री आला तेव्हा त्याने चर्चच्या दारात तिचा हात धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला.

"ताप आहे का तुला?" त्याने विचारलं.

"आत तुझं प्रवचन ऐकायचंय. म्हणून हात घरूनच तापवून आणले," ती म्हणाली, दुसऱ्या रांगेत जाऊन बसली आणि झोपली.

मी तूराल्फ. तिच्या शेजारच्या टेबलावर मी चोवीस वर्षं गळ लावले, तेव्हा तिच्याबद्दल बरंवाईट बोलायचा हक्क माझा आहे. वाईट जरा जास्त निघेल, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या बोटी कॉड मासे धरायला जाताना लांबच लांब दोर घेऊन जातात. एकेका दोराला पाचशेच्या आसपास गळ आणि प्रत्येक गळाला बांगड्याचा नाहीतर माकुलाचा तुकडा. तो तुकडा लावायचं काम आमचं. आमिष अर्धवट गोठलेलं असतं, दोर ओला असतो, आणि शेड उबदार ठेवली तर आमिष नासतं, म्हणून कोपऱ्यातली शेगडी माणसांना दिलासा म्हणून असते, ऊब द्यायला नाही. मी दोन-दोन हातमोजे घालायचो, तरी दहा वाजेपर्यंत माझी बोटं पेरापासून वर मेणासारखी पांढरी पडायची. मग मी शेगडीपाशी जाऊन हात काखेत धरून उभा राहायचो आणि आस्लॉग उघड्या हातांनी गळ लावता लावता म्हणायची, "अंडी उबवतोयस का, तूराल्फ? पिल्लं निघाली की एक मला दे."

ती सात वर्षांची असताना तिच्या आईने तिला गोठलेल्या आमिषाच्या टबापुढे उभं केलं होतं. पहिला हिवाळा ती रोज रडली. बोटांना कळा यायच्या, बोटं तोंडात घालायची, पुन्हा रडायची. आई म्हणायची, "रडून झालं की परत घाल." दुसऱ्या हिवाळ्यात रडणं कमी झालं. तिसऱ्यात थांबलं. या एवढ्या अनुभवावर आस्लॉगने आयुष्यभराचं तत्त्वज्ञान उभारलं होतं. शरीर हे गाढव आहे, दोन फटके दिले की शिकतं. हे तत्त्व तिने नवऱ्याच्या पाठदुखीलाही लावलं. तिचा नवरा लुडविक अकरा वर्षांपूर्वी आठवडाभर हवापालटाला म्हणून दक्षिणेत बहिणीकडे गेला. आठवडा अजून संपलेला नाही.

एका नोव्हेंबरात दक्षिणेकडून इंग्विल नावाची एक संशोधक डॉक्टर आली. थंडीत काम करणाऱ्यांचे हात तिला तपासायचे होते. गावाच्या सभागृहात तिने बर्फाच्या पाण्याच्या बादल्या मांडल्या, आमच्या बोटांना तारा चिकटवल्या आणि अर्धा तास हात पाण्यात ठेवायला सांगितलं. तुलनेसाठी तिने नगरपालिकेतला कारकूनही बसवला होता. पेन्सिलीपेक्षा थंड वस्तूला त्याने कधी हात लावलेला नव्हता. तो नवव्या मिनिटाला रडायच्या बेताला आला. मी रडलो नाही, पण माझी बोटं जी पांढरी झाली ती बादलीतून काढल्यावरही तासभर तशीच.

आस्लॉगच्या बोटांनी मात्र चौथ्याच मिनिटाला चमत्कार केला. पाणी शून्यावर, आणि तिची बोटं आपली आपण गरम व्हायला लागली. यंत्रावरचा काटा चढला, मग उतरला, पुन्हा चढला. इंग्विल खुर्ची ओढून बसली. थंडीत रक्ताच्या नळ्या आखडतात, तिने सांगितलं, पण काही जणांच्या मध्येच उघडतात, रक्त सोडतात, पुन्हा मिटतात. वर्षानुवर्षं गार पाण्यात हात घालणाऱ्यांच्या लवकर उघडतात. तूराल्फच्या उघडतच नाहीत, त्याने हे काम सोडावं.

"चोवीस वर्षं मी हेच सांगतेय," आस्लॉग म्हणाली.

मग इंग्विलने तिला मोजे काढायला सांगितले आणि तिचे पाय दुसऱ्या बादलीत ठेवले. चार मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. काटा हलला नाही. आस्लॉगची पावलं कारकुनाच्या हातांइतकीच निकामी निघाली.

"हात शिकलेत, पाय नाही शिकले," इंग्विल म्हणाली. "पाय तसेही फारसे शिकत नाहीत. आणि ज्यांना मुळातच जमत नाही त्यांना जबरदस्ती केली तर इजाच होते."

तिथून पुढे आस्लॉग ही हकिगत ज्याला त्याला सांगायची. चौथ्या मिनिटाची गोष्ट, कारकुनाचं तोंड, माझी मेणबत्त्यांसारखी बोटं, सगळं साग्रसंगीत. पायांचा भाग तेवढा ती गाळायची. मला तो माहीत होता. मी बोललो नाही. तिला मध्येच अडवलं तर उरलेला दिवस कसा जातो, हेही मला माहीत होतं.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, बर्फात लढायचा सराव करायला एक परदेशी तुकडी आली आणि आमच्या बंद पडलेल्या शाळेत सहा आठवडे राहिली. त्या तुकडीत जगभरची माणसं होती. सुट्टीच्या दिवशी ती गावात फिरायची, म्हणजे एकुलत्या एका दुकानात जाऊन परत यायची. त्यातला एक जण मात्र वास काढत आमच्या शेडमध्ये आला. दारातून आत येताना त्याला वाकावं लागलं आणि थोडं आडवंही व्हावं लागलं. त्याचं नाव वाइसाले. फिजीतल्या एका बेटावरचा, तिशीचा, कोळ्याच्या घरातला.

त्याने टेबलावरचा बांगड्याचा तुकडा उचलला, हुंगला आणि आस्लॉगला विचारलं, "हा तुम्ही माशाला खायला घालता?"

"मग कोणाला घालू?"

"माणसाला."

"माणसांना आम्ही कॉड घालतो. बस, नाहीतर जा. दार उघडं राहिलंय."

तो बसला. दोन गळ तिने कसे लावले ते बघितलं आणि तिसरा स्वतः लावला. तासाभराने त्याचा वेग माझ्याइतका झाला. याचा आस्लॉगला किती आनंद झाला ते मी सांगत नाही. त्यानंतर मोकळा वेळ मिळाला की तो यायचा. एकदा दुकानातून नारळाच्या दुधाचा डबा आणून त्याने शेगडीवर बांगडा शिजवला. आस्लॉगने चव घेतली. "दूध पोरांना पाजतात, माशाला नाही," ती म्हणाली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तो तिला 'बुबू' म्हणायचा. हे काहीतरी 'उस्ताद'सारखं असावं अशी तिची समजूत होती. आठवडाभराने मी त्याला अर्थ विचारला.

"आजी," तो म्हणाला.

आस्लॉगने सुरी खाली ठेवली. "आजी कोणाला म्हणतोस? मी त्रेसष्ट वर्षांची आहे."

"आमच्याकडे त्रेसष्टीची बाई आजीच असते, बुबू. तिचं सगळं ऐकायचं असतं."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. आस्लॉगचं सगळं ऐकणारा माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता.

वाइसालेचे पाय फार गार पडायचे. त्याला शिकवलेलं सगळं तो नेमाने करायचा. दिवसातून दोनदा मोजे बदलायचे, बोटं हलवत राहायचं, बुटांच्या नाड्या सैल ठेवायच्या. बाकीच्यांचे पाय ऊब मिळाल्यावर दहा मिनिटांत ताळ्यावर यायचे. त्याचे तासभर ओंडक्यासारखे. बरोबरचे सैनिक त्याला 'खोबरेल' म्हणायचे, जरा गारवा पडला की गोठतं म्हणून. तोही हसायचा. हे सगळं त्याने एकदा सहज सांगितलं आणि आस्लॉगचे डोळे चमकले. असं कोणी अडचणीत सापडलं की तिला तरतरी यायची.

"तुझे पाय अडाणी आहेत," ती म्हणाली. "शाळेत घालायला पाहिजेत."

आणि तिने बादली काढली. इंग्विलने गोड्या पाण्यात बर्फ घातला होता. आस्लॉगने धक्क्यावरून समुद्राचं पाणी भरून आणलं, कारण ते जवळ होतं. गोडं पाणी शून्यावर येऊन थांबतं. खारं त्याच्याही खाली उतरतं आणि तरी पाणीच राहतं. वाइसालेने पाय आत घातले आणि त्याच्या तोंडून त्याच्या भाषेतलं काहीतरी निघालं. अर्थ मी विचारला नाही.

"दुखतंय?"

"दुखतंय, बुबू."

"म्हणजे शिकतायत. दहा मिनिटं."

दोन आठवडे हे चाललं. तो यायचा, मोजे नीट घडी करून ठेवायचा, बादलीत पाय सोडून बसायचा आणि गळ लावायचा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून त्याचं दुखणं थांबलं. आस्लॉगने माझ्याकडे असं बघितलं जसं काही नळ्या उघडायला तिनेच आत हात घातला होता.

"बघ," ती म्हणाली. "आता रडत नाहीत."

मला त्या वेळी इंग्विलचं वाक्य आठवलं होतं. शब्द न् शब्द आठवला होता. मी माकूल कापत राहिलो. ही माझी गोष्ट नाही, म्हणून हे इथेच सोडतो, पण ते झालं होतं.

मार्चच्या सुरुवातीला ती तुकडी आठ दिवस वर पठारावर तंबूत राहायला गेली. कडाक्याची थंडी पडली असती तर बरं झालं असतं. उणे वीसला बर्फ कोरडा असतो, झटकला की गेला. पण त्या आठवड्यात हवा शून्याच्या आसपास लोंबकळत राहिली. आकाशातून पाणी की बर्फ ते कळू नये असं काहीतरी पडत होतं. बूट भिजले, ते वाळेनात, मोजे भिजले, तंबू भिजले. आमच्याकडे म्हातारे म्हणतात की कडक थंडी तोंडावर मारते आणि ओली थंडी खिसा कापते. घरी गेल्यावर कळतं काय गेलं ते.

खाली आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वाइसाले शेडमध्ये आला. काचांवरून चालावं तसा चालत होता. आस्लॉग म्हणाली, "आलास? बादली भरायची आहे." तो म्हणाला, "जरा बसतो, बुबू," आणि शेगडीला पाय टेकून बसला. आम्ही आमच्या कामात. थोड्या वेळाने मला वास आला. मला वाटलं, कोणीतरी शेगडीत रबराचा हातमोजा टाकला.

वाइसालेच्या बुटाचा तळ शेगडीच्या लोखंडाला चिकटून वितळत होता. धूर निघत होता. आणि तो आम्हाला पठारावरची गंमत सांगत होता, रात्री वाऱ्याने तंबू कसा उडाला त्याची.

"पाय काढ," आस्लॉग म्हणाली.

"काय?"

"शेगडीवरून पाय काढ, मूर्खा."

त्याने खाली बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुखणं नव्हतं. स्वतःचा पाय दुसऱ्याच कोणाचा असावा तसा तो बघत होता.

आस्लॉगने गुडघे टेकून त्याचे बूट काढले, मोजे काढले. बुटाचा जाड थर होता म्हणून पाय भाजला नव्हता. पण पावलं राखाडी पडली होती, ठिकठिकाणी जांभळट डाग. तिने अंगठा दाबला. काही कळलं नाही त्याला. दुसऱ्या पायाचा दाबला. तेच.

"कधीपासून?"

"तुम्ही म्हणालात ना, आता रडत नाहीत," तो म्हणाला. "तेव्हापासून थोडं थोडं. पठारावर पूर्ण."

"सांगितलं का नाहीस? तुमच्यात रोज पाय बघतात ना?"

"विचारतात. मी म्हणायचो, ठीक आहे. पायाचं सांगितलं की परत पाठवतात, बुबू. मग कामावर ठेवतील की नाही देव जाणे. घरची सात माणसं माझ्यावर आहेत. आणि मला वाटलं, शिकतायत."

माझ्या आजीचा उपाय मला आठवला आणि मी बर्फ आणायला बाहेर निघालो, चोळायला. "बस खाली," आस्लॉग म्हणाली. मग मी गरम पाण्याची किटली उचलली. "तीही ठेव." तिने फोन काढला आणि इंग्विलला लावला.

सगळं सांगितलं तिने. बादलीसुद्धा, समुद्राच्या पाण्यासुद्धा, दहा मिनिटं आणि दोन आठवडे. गाळलं काही नाही. पलीकडून इंग्विल काय करायचं ते सांगायला लागली. आस्लॉग ऐकत राहिली. चोळायचं नाही. गरम पाण्यात घालायचं नाही, शेगडीजवळ तर नाहीच. अंग गरम ठेवा, गोड चहा द्या, पाय उघडे आणि वर करून ठेवा, आपोआप हळूहळू येऊ देत. आणि आत्ताच्या आत्ता त्यांच्या डॉक्टरला बोलवा.

"नको, बुबू," वाइसाले म्हणाला.

"माझं सगळं ऐकायचं असतं ना?"

"हो."

"मग एवढं शेवटचं ऐक."

वाइसालेला शेडमध्येच ठेवून आस्लॉग आणि मी शाळेकडे गेलो. शाळेच्या दारात त्यांचा हवालदार उभा होता, टापटीप मिशीवाला. आस्लॉग त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुझ्या एका माणसाचे पाय मी बिघडवले," ती म्हणाली. "डॉक्टरला घेऊन चल."

हवालदाराने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. गावात दारू चढलेले असे दोघे-तिघे त्याने पाहिले असतील. "बाई, आमच्या माणसांच्या पायांची आम्ही रोज तपासणी करतो."

"ती तपासणी तो खोटं बोलून चुकवतो. मी त्याला रोज बर्फाच्या पाण्यात बसवत होते."

"का?"

"कारण मी गाढव आहे. पुढचं चालता चालता विचार."

वाइसालेला आणलं तेव्हा त्याचे पाय ताळ्यावर यायला लागले होते, आणि तेच वाईट होतं. राखाडीचे लाल झाले, लालाचे सुजून चकचकीत. एवढा मोठा माणूस, चादरीचा स्पर्श सहन होईना. डॉक्टरने पाय उघडे ठेवून पंखा लावला. आस्लॉग खाटेजवळ स्टुलावर बसून राहिली. तिला जायला सांगितलं तेव्हा ती गेली नाही, आणि नंतर सांगणं सोडून दिलं. एकदा वाइसाले दात आवळून म्हणाला, "बुबू, हे तर बादलीपेक्षा दुखतंय." ती म्हणाली, "शिव्या घाल मला. तुझ्या भाषेत घाल, मला कळणार नाही." त्याने घातल्या नाहीत. कोळ्याच्या पोराचं तोंड एवढं चांगलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्याला विमानाने नेलं. बादलीमुळे किती झालं आणि पठारामुळे किती, हे कोणालाच सांगता येणार नाही, असं इंग्विल नंतर म्हणाली. त्याच्या बेटाकडच्या माणसांना ही इजा लवकर होते म्हणे, ते पठारावर तसंही झालं असतं. आस्लॉगने ही सूट घेतली नाही. अर्ध्यावर काही घ्यायची तिला सवयच नव्हती.

बोटं वाचली, सगळी दहा. पण अशा पायांच्या आत काहीतरी कायमचं चिडून बसतं. वर्षभराने त्याला फौजेतून सोडलं, थोडीफार पेन्शन दिली आणि तो आपल्या बेटावर परतला. आता तिथे तो माणसं ने-आण करायची होडी चालवतो. संध्याकाळी समुद्रावरून जरा वारा सुटला की त्याचे पाय गार पडून ठणकायला लागतात, म्हणून लोकरीचे मोजे घालतो. नारळाच्या झाडाखाली, उघड्या अंगाने, खाली लोकरीचे मोजे. गावची पोरं मागे लागतात. मोजे आस्लॉगच विणून पाठवते, हे सांगायला नकोच. पहिला जोड त्याला घोट्यापर्यंतच आला, कारण तिने माझ्या पायाचं माप घेतलं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत नवी तुकडी आली तेव्हा आस्लॉग शाळेच्या फाटकात जाऊन उभी राहिली. आम्हाला वाटलं, आता हिचं काय नवीन. ती प्रत्येकाला म्हणत होती, "ओले मोजे आण. माझ्याकडे वाळत घाल. पाय बधिर झाला तर आधी मला सांग, मी कोणाला सांगणार नाही." आणि कोणी सांगितलं की थेट डॉक्टरकडे जाऊन सांगायची. शब्द पाळणं हा तिचा गुण कधीच नव्हता. तिच्या बैठकीच्या खोलीत छताला दोऱ्या बांधून साठ-सत्तर जोड लटकत असायचे. टपालवाला पत्रं फाटकावर अडकवून पळायचा. लुडविकच्या बहिणीने फोनवर सांगितलं की लुडविक एकदा परत यायचा विचार करत होता, पण मोज्यांचं ऐकून त्याची पाठ पुन्हा धरली.

मी ते काम सोडलं. आता टपालात बसतो, हातमोजे घालून शिक्के मारतो. बोटांचं फारसं काही सुधारलेलं नाही.

वाइसाले दर रविवारी तिला फोन करतो. मी कॉफीला गेलेलो असतो, म्हणून ऐकतो. "दुखतात?" ती विचारते. "आज दुखतात, बुबू. पाऊस आहे." "बरं," ती म्हणते, आणि पुढे काही सुचवत नाही. तिच्या तोंडून उपाय न निघणं याला किती कष्ट पडतात ते टेबलाखालून दिसतं. पाय हलत असतो.

गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली. त्याने विचारलं, नाव आस्लॉग ठेवू का. ती म्हणाली, "त्या पोरीने तुझं काय वाईट केलंय? काहीतरी माणसासारखं ठेव." त्याने नेहमीप्रमाणे ऐकलं आणि लितिया ठेवलं. आस्लॉग म्हणाली, "चांगलं केलं." चार दिवस ती माझ्याशी हवापाण्याशिवाय बोलली नाही. पाचव्या दिवशी दुकानात कांदे निवडता निवडता म्हणाली, "दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं त्याला?"